आधी क्यू, मग ई

बँकेच्या किंवा स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना एका प्रश्नाची चांगलीच ओळख असते. ई, एस, आर, ओ अशी चार इंग्रजी अक्षरे दिलेली असतात आणि विचारलेले असते की, प्रत्येक अक्षर एकदाच वापरून किती अर्थपूर्ण शब्द होतील? खाली पर्याय असतात : एकही नाही, एक, दोन, तीन, तीनपेक्षा जास्त. गुलाबाचा ‘रोझ’ लगेच दिसतो, त्यामागोमाग दुखऱ्या जागेचा ‘सोअर’. मग एखाद्याला ओ-आर-ई-एस आठवतो, म्हणजे धातूंची खनिजे. दुसऱ्याला आर-ओ-ई-एस, माशांची गाबोळी. ग्रीक पुराणकथा वाचलेल्याला ‘इरॉस’ हा प्रेमाचा देवही सुचतो. तोवर दीड मिनिट गेलेले असते.

या प्रश्नात अक्षरांच्याही आधी पर्याय वाचायचे असतात. ‘तीनपेक्षा जास्त’ हा पर्याय असेल तर चौथा शब्द सापडताक्षणी काम संपते. ए, ई, एम, टी ही अक्षरे घ्या. मीट, टीम, मेट आणि माणसाळलेल्या जनावराचा ‘टेम’ एवढे चार झाले की पेन पुढच्या प्रश्नावर न्यावे. पाचवा ‘मेटा’ शोधण्यात शहाणपण असेल, गुण नाहीत. विशेषनामे धरायची नाहीत, म्हणजे इरॉस बाद. आणि माशांच्या गाबोळीसारखे आडवळणाचे शब्द फक्त पर्याय अगदी जवळजवळ असतील तरच विचारात घ्यावेत.

दिलेल्या अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधण्याचा हा खटाटोप परीक्षेपुरता मात्र नाही. स्क्रॅबलचा पट, इंग्रजी वर्तमानपत्रातला जंबल, शब्दकोडे, मोबाइलवरचे वर्डल, मुलांच्या शाळेतला ‘एज्युकेशन या शब्दातून शब्द काढा’ हा गृहपाठ, या सगळ्यांमागे एकच कौशल्य आहे. आणि सगळीकडे लोक तेच करतात. अक्षरे मनातल्या मनात ढवळत बसतात. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या ५,०४० मांडण्या होतात. सेकंदाला एक या वेगाने पाहिल्या तरी जवळजवळ दीड तास लागेल, आणि त्यातल्या बहुतेक मांडण्या इंग्रजीत कधी संभवतच नाहीत. ढवळणे सोडून निवडायला शिकणे, एवढाच काय तो मार्ग.

त्यासाठी आधी प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. पहिल्या जातीत दिलेली सगळी अक्षरे वापरायची असतात, एकही जास्त नाही आणि कमी नाही. यालाच ॲनाग्राम म्हणतात. एस-टी-ओ-पी यांतून स्टॉप, पोस्ट, स्पॉट, पॉट्स, टॉप्स आणि ऑप्ट्स असे सहा शब्द निघतात. दुसऱ्या जातीत दिलेल्यांपैकी हवी तेवढी वापरायची. ब्रिटनमध्ये चॅनेल फोर या वाहिनीवर २ नोव्हेंबर १९८२ पासून चालू असलेला ‘काउंटडाउन’ हा कार्यक्रम याच जातीचा. त्यात नऊ अक्षरे आणि तीस सेकंद मिळतात, आणि जितका लांब शब्द तितके गुण. तिसऱ्या जातीत दिलेली अक्षरे शब्दात असलीच पाहिजेत, बाकीची कोणतीही चालतात. चौथ्या जातीत अक्षरांचा क्रमही पाळायचा असतो, कधी लागून तर कधी मध्ये इतर अक्षरे घालून.

याशिवाय एक उपप्रश्न विचारायला लोक विसरतात : तेच अक्षर पुन्हा वापरायची मुभा आहे का? स्क्रॅबलमध्ये ती नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’मध्ये मात्र सात अक्षरांपैकी कोणतेही कितीही वेळा वापरता येते, मधले अक्षर तेवढे प्रत्येक शब्दात आलेच पाहिजे आणि शब्द किमान चार अक्षरी हवा. नियम नीट न वाचता खेळणारा इथे निम्मे शब्द आपणहून सोडून देतो.

आता खास मराठी अडचणीकडे वळू. इंग्रजीतल्या मार्गदर्शक पुस्तकांना तिचा पत्ता नसतो. मराठीत जे लिहिलेले असते ते बहुतांशी तसेच बोलले जाते. त्यामुळे मराठी शाळेत शिकलेला माणूस इंग्रजी अक्षरेही कानाने जुळवतो. के आणि एन शेजारी ठेवले की कानाला ‘क्न’ ऐकू येते आणि मन ती जोडी झटकून टाकते. प्रत्यक्षात नी, नाइफ, नॉक, नॉट, नो, नॉलेज हे सगळे शब्द तिथेच उभे असतात.

म्हणून काही मुक्या जोड्या पाठच कराव्यात. डब्ल्यू-आर : राइट, रिस्ट, राँग, रॅप. शेवटी एम-बी : लॅम्ब, कोम्ब, थम्ब, बॉम्ब, क्लाइम्ब. उच्चारात या शब्दांतला बी उरतच नाही, मराठीत तो आपण लिहितो ते स्पेलिंग पाहून. शेवटी एम-एन : ऑटम, कॉलम, हिम, सॉलेम. जी-एन : साइन, डिझाइन, फॉरिन, रेन म्हणजे राजवट. बी-टी : डेट म्हणजे कर्ज, डाउट, सटल. पी-एस : सायकॉलॉजी. एस-टी-एल : कासल, व्हिसल. हाताशी बी, टी, डी, ओ, यू असतील तर ‘डाउट’ कानाने कधीच सापडणार नाही. बी-टी ही जोडी डोळ्यांना माहीत असेल तरच सापडेल. अक्षरकोडी सोडवताना तोंडाने पुटपुटण्याची सवय असेल तर ती मोडावी, आणि कागदावर मोठी सुटी अक्षरे लिहून बघण्याची लावून घ्यावी.

यानंतरचा नियम या लेखाच्या मथळ्यात आहे. सगळ्यांत दुर्मीळ अक्षर आधी हातात घ्यावे. बहुतेकांचा कल उलटा असतो. ई कुठेही बसतो, म्हणून लोक ई पासून सुरुवात करतात. पण जे कुठेही बसते ते काहीच सांगत नाही. क्यू फार थोड्या ठिकाणी बसतो, म्हणून तो भरपूर सांगतो.

कोणते अक्षर दुर्मीळ, याचा सर्वांत सोपा तक्ता स्क्रॅबलच्या डब्यात मिळतो. अमेरिकेतले वास्तुविशारद आल्फ्रेड मोशर बट्स १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार झाले आणि त्यांनी हा खेळ रचला. वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून त्यांनी कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या ठेवायच्या ते ठरवले. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी त्याला स्क्रॅबल हे नाव दिले. शंभर सोंगट्यांपैकी दोन कोऱ्या. ई च्या बारा, ए आणि आय च्या नऊ-नऊ, ओ च्या आठ; उलट के, जे, एक्स, क्यू, झेड यांची प्रत्येकी एकच. क्यू आणि झेड यांना दहा गुण, जे आणि एक्सला आठ, केला पाच. गुण जितके जास्त तितके ते अक्षर आधी विचारात घ्यायचे. एस च्या सोंगट्या मात्र चारच आहेत, आणि त्यामागे वेगळे कारण होते. शब्दाच्या शेवटी एस लावून अनेकवचन करणे फार सोपे पडू नये, म्हणून बट्स यांनी तो मुद्दाम कमी ठेवला.

तिसऱ्या जातीच्या प्रश्नात हा नियम कसा चालतो ते पाहू. क्यू, टी, ई असलेले शब्द हवेत. क्यू आला की त्याच्यामागे यू येणारच, हे जवळजवळ गृहीत धरता येते, म्हणजे न दिलेले एक अक्षर फुकट मिळाले. क्यू-यू नंतर स्वर येतो. मग क्वाएट, क्वाइट, इक्वेट, रिक्वेस्ट, बँक्वेट ही रांग लागते. शेवटी क्यू-यू-ई ठेवून पाहिले की अँटीक आणि टेक्निक येतात.

जे, सी, टी हवेत? या तिन्हींना एकत्र आणणारे लॅटिन मूळ आहे, फेकणे या अर्थाचे. त्यातून ऑब्जेक्ट, सब्जेक्ट, प्रोजेक्ट, रिजेक्ट, इंजेक्शन, ट्रॅजेक्टरी असे घराणेच उभे राहते, आणि घराण्याबाहेरचा ‘जस्टिस’ही सापडतो. एक्स, सी, टी साठी आधी ई-एक्स हा आरंभ लावून बघावा : एक्झॅक्ट, एक्स्पेक्ट, एक्स्ट्रॅक्ट. तो संपला की एक्स आत ढकलावा : टॉक्सिक, कॉन्टेक्स्ट. के, डब्ल्यू, एन असतील तर आधी मुका के, म्हणजे नो, अननोन, नॉलेज. मग बोलका के, म्हणजे अवेकन, ट्विंकल, रिंकल.

शेवटची जागाही अशीच बोलते. अस्सल इंग्रजी शब्द व्ही वर थांबत नाही, मागे ई लागतो : हॅव, गिव्ह, लव्ह. जे वर तर जवळजवळ कोणीच थांबत नाही. जे थांबतात ते बाहेरून आलेले, आणि त्यांतले बरेचसे आपल्याकडून गेलेले : राज, ताज, स्वराज. लोकमान्य टिळकांनी ज्या शब्दाभोवती चळवळ उभी केली तो स्क्रॅबलच्या शब्दयादीत रीतसर नोंदलेला आहे, एस-डब्ल्यू-ए-आर-ए-जे, सहा अक्षरे. मराठी खेळाडूने या मालमत्तेचा संकोच करू नये. पूजा, धोती, घी, घाट, रोटी, नान, पनीर, नीम, लाख, क्रोर, वाला हे शब्द यादीत आहेत. यू नसताना क्यू अडकला तर फकीर आणि निकाब कामाला येतात; दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये यू नाही. ‘मुंगूस’ तर पोर्तुगीज वाटेने जाऊन इंग्रजीत मोंगूस झाला आहे. परीक्षेत मात्र हे शब्द वापरण्याच्या भानगडीत पडू नये, तिथे सरळ रस्ता बरा.

लांब शब्दांसाठी दुर्मीळ अक्षराइतकाच उपयोग गाठोड्यांचा होतो. पुष्कळशा इंग्रजी शब्दांचे शेपूट आणि डोके ठरलेले असते. शेपटीला आय-एन-जी, ई-डी, ई-आर, ई-एस-टी, टी-आय-ओ-एन, एम-ई-एन-टी, एन-ई-एस-एस, ए-बी-एल-ई, एल-वाय. डोक्याला आर-ई, यू-एन, डी-ई, आय-एन, डी-आय-एस, पी-आर-ई, ओ-यू-टी. ही गाठोडी बाजूला काढली की उरलेली तीन-चार अक्षरे कोणीही जुळवू शकतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. ए, ई, जी, आय, एन, आर, एस. सात अक्षरे, सगळी वेगळी. आय-एन-जी दिसते, ते उजवीकडे ठेवले. उरले ए, ई, आर, एस. त्यातून ‘सिअर’ म्हणजे भाजणे, त्याला शेपूट लावून सिअरिंग. आता एक खुबी. इंग्रजीत ई वर संपणाऱ्या क्रियापदाचा ई आय-एन-जी लावताना गळतो. म्हणून उरलेल्या अक्षरांत पूर्ण शब्द दिसलाच पाहिजे असे नाही. ‘इरेझ’चा शेवटचा ई टाकला की तीच चार अक्षरे राहतात आणि ‘इरेझिंग’ तयार होतो. इथे बहुतेक जण समाधानाने थांबतात. पण आय-एन-जी हे गाठोडे सोडून द्यावे आणि आर-ई डावीकडे ठेवावे. उरले ए, जी, आय, एन, एस, त्यातून ‘गेन्स’, म्हणजे पूर्ण शब्द रिगेन्स. आता ई-आर-एस शेवटी : गेनर्स. एकच माल, तीन वेगवेगळी गाठोडी, चार शब्द. पहिले सापडलेले गाठोडे सोडायची तयारी ज्याच्यात असते तो पुढे जातो, असे अनुभवी खेळाडूंचा खेळ पाहताना दिसते.

स्क्रॅबलचे पट्टीचे खेळाडू याच्याही पुढे जाऊन सहा अक्षरांचे संच पाठ करतात, ज्यांना सातवे अक्षर जवळपास कोणतेही चालते. ‘रेटिना’ हा त्यांतला गाजलेला. त्याला एस जोडला की रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेनर असे शब्द सुटतात. सातही सोंगट्या एका खेळीत वापरल्या तर ५० गुण जादा मिळतात, म्हणून ही मेहनत. त्यात अर्थाची गरज किती कमी असते, याचा दाखला न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी दिला. फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ मध्ये त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेतेपद जिंकले, केवळ शब्दयादी डोक्यात भरून. सामान्य वाचकाने त्यांच्या वाटेला जाऊ नये. शब्दाचा अर्थ माहीत असला की तो टिकतो, आणि टिकलेला शब्दच वेळेवर आठवतो.

कागदावर अक्षरे कशी मांडायची यावर मतभेद आहेत. ज्या क्रमाने दिली त्याच क्रमाने लिहिणे सर्वांत वाईट, कारण कोडे घालणाऱ्याने तो क्रम फसवण्यासाठीच निवडलेला असतो. गोलाकार लिहिली की सुरुवात आणि शेवट हा भास मोडतो, डोळा कुठूनही चालू लागतो. स्वर आत आणि व्यंजने बाहेर अशी दोन वर्तुळे काढली तर आणखी बरे. अक्षरे ए पासून झेडपर्यंतच्या क्रमाने लावण्याची शिस्तही चांगली आहे, पण ती शब्द तपासायला, शोधायला नाही. त्या क्रमात शब्द किती बेमालूम लपतो हे रॉबर्ट हूक यांना माहीत होते. स्प्रिंगविषयीचा आपला नियम दुसऱ्या कोणी पळवू नये म्हणून १६७६ मध्ये त्यांनी तो लॅटिन वाक्यातली चौदा अक्षरे वर्णक्रमाने लावून छापला, आणि १६७८ मध्ये त्याचा उलगडा केला. ताण जितका तितके बळ, असा त्याचा आशय. शाळेतल्या भौतिकशास्त्रात आजही तो हूकचा नियम म्हणून शिकवतात.

चौथ्या जातीचा, म्हणजे क्रम पाळण्याचा सराव करायला महाराष्ट्रात कोडी विकत घ्यावी लागत नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या पुरतात. एमएच तर बहुतेक पाट्यांवर असतेच. पुण्याची १२, कोल्हापूरची ०९, नागपूरची ३१. आकड्यानंतरची दोन अक्षरे घ्यायची आणि चारही त्याच क्रमाने ज्यात येतात असा शब्द शोधायचा. मध्ये काहीही चालेल. पाटीवर एन-टी असेल तर मर्चंट. सी-एल असेल तर मेकॅनिकल. डी-एल असेल तर मेथॉडिकल. डब्ल्यू-एस असेल तर माउथवॉश. लांबच्या प्रवासात मागच्या सीटवरची मुले यात तासभर गुंतून राहतात, मोबाइल न मागता.

यातली किल्ली एच मध्ये आहे. इंग्रजीत शब्दाच्या मध्ये एच एकटा क्वचित येतो. बहुधा सी, एस, टी, पी यांच्या आधाराने येतो. म्हणजे एम नंतर एच शोधायचा तर चार खोल्या धुंडाळायच्या. सी-एच च्या खोलीत मशीन, मर्चंट, मेकॅनिक. टी-एच च्या खोलीत मदर, मेथड, माउथ, मॅथेमॅटिक्स. एस-एच च्या खोलीत मशरूम आणि मार्शल. पी-एच च्या खोलीत एम्फसिस, ट्रायम्फ, अँफिबियन. गोव्याच्या गाड्यांना जीए असते आणि ते मुलांना सोपे जाते : डी-एन आले की ग्रॅज्युएशन.

लागून येणाऱ्या अक्षरांचा खेळ याहून तिखट. डब्ल्यू-के-डब्ल्यू ही तीन अक्षरे ओळीने कुठे येतात? ‘ऑक्वर्ड’मध्ये. एक्स-ओ-पी? सॅक्सोफोनमध्ये. एच-टी-एच? ‘एट्थ’, म्हणजे आठवा. अशा विचित्र तुकड्यांचे रहस्य बहुधा सांध्यात असते. जिथे दोन घटक जोडले जातात, शब्द आणि प्रत्यय किंवा दोन शब्द, तिथे इंग्रजीला एरवी न चालणारी अक्षरे शेजारी येतात. म्हणून तुकडा मध्ये कापून बघावा. एक्स आणि ओपी असे तोडले की एक्सवर संपणारे काही आणि ‘ओफोन’ सारखे शेपूट डोळ्यांपुढे येते.

वर्डल हा यांतला सर्वांत लोकप्रिय प्रकार. जॉश वॉर्डल यांनी तो ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. पाच अक्षरी शब्द, सहा संधी. पिवळा रंग म्हणजे अक्षर आहे पण या जागी नाही, हिरवा म्हणजे जागाही बरोबर. इथले बहुतेक पराभव एकाच पद्धतीने होतात. शेवटची चार अक्षरे आय-जी-एच-टी हिरवी झाली की खेळाडू आनंदतो आणि मग लाइट, नाइट, राइट, फाइट, माइट, साइट, टाइट असे एकेक टाकत सहाही संधी घालवतो. त्याऐवजी मध्येच ‘फिल्म्स’ असा जाणूनबुजून चुकीचा शब्द टाकावा. त्यात एफ, एल, एम, एस ही चारही संशयित अक्षरे एका फटक्यात तपासली जातात. सापडलेली अक्षरे पुढच्या शब्दात वापरायलाच लावणारी ‘हार्ड मोड’ चालू असेल तर ही सोय मिळत नाही. आणि एक अक्षर दोनदा येऊ शकते, हे विसरू नये. ‘एरर’ या शब्दात पाचपैकी तीन अक्षरे आर आहेत.

पहिला शब्द कोणता टाकावा यावर इंटरनेटवर अखंड वाद चालू असतो. त्यात एक बारीक गोष्ट हरवते. चालू मजकुरात टी आणि एच फार दिसतात, कारण ‘द’, ‘दॅट’, ‘धिस’ पानोपानी येतात. कोशातल्या सुट्या शब्दांत एच इतका वर राहत नाही. मजकुराची आकडेवारी शब्दकोड्याला जशीच्या तशी लावू नये. वर्डलपुरते आर, एल, एन, एस, टी आणि दोन-तीन स्वर असलेला कोणताही शब्द चांगलाच.

एवढे करूनही अडले तर साधनांची मदत घ्यायला हरकत नाही. छापील कोश पहिल्या अक्षराने लावलेले असतात, म्हणून शेवट माहीत असलेला शब्द त्यांत सापडत नाही. जॉन वॉकर यांनी १७७५ मध्ये शब्द शेवटच्या अक्षरांनुसार लावून कोश काढला होता तो यासाठीच. यमक जुळवणाऱ्यांना तो पुढे कित्येक पिढ्या पुरला. आज हे काम ‘वनलुक’ नावाचे संकेतस्थळ करते. तिथे माहीत नसलेल्या एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांच्या जागी तारांकन टाकायचे. पाच अक्षरी, दुसरे एन, शेवटचे ई असा शब्द हवा असेल तर प्रश्नचिन्ह, एन, दोन प्रश्नचिन्हे, ई. यादी समोर.

संगणक हाताळणाऱ्याला स्वतःची यादी ठेवता येते. ‘एनेबल’ ही मुक्त शब्दयादी इंटरनेटवर मिळते, पावणेदोन लाखांच्या आसपास शब्दांची, एका ओळीत एक शब्द. स्पर्धांत वापरली जाणारी कॉलिन्सची यादी त्याहून मोठी, पावणेतीन लाखांच्या वर. अशा यादीवर ‘ग्रेप’ ही जुनी आज्ञा चालवायची. आधी क्यू असलेल्या ओळी काढायच्या, त्यांतून टी असलेल्या, त्यांतून ई असलेल्या. धान्य जसे एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्यांतून पडते तसे शब्द खाली येतात. इथेही क्यूची चाळणी सर्वांत वर ठेवावी, म्हणजे पहिल्याच फटक्यात लाखोंचे काही हजार होतात आणि पुढचे वाचण्यासारखे उरते.

ॲनाग्रामसाठी मात्र चाळणी नव्हे, दुसरी युक्ती. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या पुस्तकामुळे ती सर्वतोमुखी झाली. प्रत्येक शब्दातली अक्षरे वर्णक्रमाने लावायची आणि ती त्या शब्दाची सही समजायची. स्टॉपची सही ओ-पी-एस-टी, पोस्टचीही तीच, स्पॉटचीही तीच. सगळ्या यादीच्या सह्या करून त्या क्रमाने लावल्या की एकमेकांचे ॲनाग्राम आपोआप शेजारी येऊन बसतात. लिसन, सायलेंट, एन्लिस्ट, टिन्सल आणि इन्लेट्स या पाचांची सही एकच आहे. सोडवलेले कोडे खरेच जुळते का हे हाताने तपासायलाही हीच सही उपयोगी. एखादे अक्षर नजरेतून सुटले तर लगेच कळते.

चॅटबॉटना हा प्रश्न विचारणाऱ्यांनी सावध राहावे. भाषेची ही यंत्रे शब्द अक्षराअक्षराने वाचत नाहीत, तुकड्यांनी वाचतात. म्हणून २०२४ मध्ये त्यांची ‘स्ट्रॉबेरी’ या शब्दात आर किती हे मोजताना झालेली फजिती जगभर गाजली. आता ती सुधारली आहेत, तरी ‘क्यू, टी, व्ही असलेले दहा शब्द द्या’ म्हटल्यावर आलेल्या यादीतला प्रत्येक शब्द स्वतः तपासून घ्यावा. शब्दयादीवर चालणारे साधे साधन इथे जास्त भरवशाचे.

घरात मुले असतील तर रोज जेवणानंतर एक संच पुरे. वर्तमानपत्राचे एखादे मोठे इंग्रजी शीर्षक कापून त्याची अक्षरे सुटी करावीत, जमिनीवर पसरावीत आणि दुर्मीळ अक्षर कोणते, हा पहिला प्रश्न विचारावा. उत्तर आल्यावरच शब्दांना सुरुवात. नवा शब्द निघाला तर त्याचा अर्थ कोशात बघून वहीत लिहावा. पंधरा दिवसांनी तीच अक्षरे पुन्हा मांडून किती आठवतात ते पाहावे.

आणि वाचकांसाठी हा एक संच : ए, डी, ई, ई, जी, एन, आर. सातही अक्षरे वापरून किमान पाच शब्द होतात. त्यांतले दोन रागाचे आहेत, एक लष्कराच्या भांडारातला आहे. ई-डी आणि डी-ई ही दोन्ही गाठोडी लावून बघावीत, आणि निदान हे तीन हाताने सापडेपर्यंत फोनला हात लावू नये.